उन्हाचे पीक रस्त्यावर येत नाही
(कापूस-ज्वारी पट्ट्यातील जिल्हा मेळाव्यात भोर-वेल्ह्याच्या कार्यकर्त्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्हे तालुक्यांतून आलो आहोत. वेल्ह्याचे नाव सरकारने आता राजगड केले आहे, पण जिभेला वेल्हेच सवयीचे, तेवढे चालवून घ्या. आमच्याकडे कापूस नाही. भोरच्या पूर्वेच्या माळावर ज्वारी आहे, तुमच्यासारखीच आभाळाकडे बघत उभी राहणारी. पश्चिमेला डोंगर, भाताची खाचरे, नाचणी, वरई आणि पावसाळ्यात वाहून जाणारे रस्ते. रस्त्यांविषयी बोलायला आम्हाला का बोलावले असेल, ते यावरूनच समजा.

विषय सौर रस्त्याचा आहे. गेले काही दिवस आमच्या गावांत पोरांच्या मोबाईलवर एक चित्रफीत फिरते आहे. डांबराच्या जागी काच, काचेखाली सोलरच्या प्लेटा, रस्ताच वीज तयार करतो, रात्री स्वतःच उजळतो, पुढे दरड पडली तर अक्षरे उमटवून सांगतो आणि वरून जाणारी विजेची गाडी चालता चालता भरतो. एका पोराने ग्रामसभेत विचारले, "आपल्या नसरापूर-वेल्हे रस्त्यावर हे का होत नाही?" काही जण हसले. आम्ही हसलो नाही. शेतकऱ्याच्या पोराने नव्या यंत्राचे नाव काढले की त्याला हसायचे, ही खोड पुढाऱ्यांची आहे. नवे तंत्र आले की आपण आधी हिशेबाची वही काढावी. ती आम्ही काढली, आणि त्यातलाच हिशेब इथे मांडतो आहोत.

जगात हा रस्ता खरोखर करून पाहिलेला आहे. फ्रान्समध्ये नॉर्मंडी भागात तुरूव्र नावाचे गाव आहे. तिथे डिसेंबर २०१६ मध्ये एक किलोमीटर सौर रस्त्याचे उद्घाटन मंत्रीणबाईंच्या हस्ते झाले. २८०० चौरस मीटर प्लेटा, खर्च ५० लाख युरो, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे ३५ कोटी रुपये. देशात पाच वर्षांत असे हजार किलोमीटर रस्ते करू, ही घोषणा त्याच वर्षाच्या सुरुवातीला होऊन गेलेली. घोषणा आधी आणि हिशेब मागून, ही रीत फक्त आपल्याच देशात आहे असे समजू नका. वर्षाला २ लाख ८० हजार युनिट वीज मिळेल असा अंदाज होता. २०१७ या पहिल्या पूर्ण वर्षात दीड लाखाच्या जरा आत मिळाली. २०१८ मध्ये ७८ हजार. त्याच वर्षी शंभरेक मीटरचा तुकडा इतका फुटला की उखडून टाकावा लागला. आवाज फार होतो म्हणून गाड्यांचा वेग कमी करावा लागला. झाडांची पाने पडून कुजत, त्यांनी प्लेटा झाकल्या जात. ट्रॅक्टरखाली सांधे उघडत. २०१९ मध्ये तिथल्या वर्तमानपत्रांनी हा प्रयोग फसल्याचे लिहिले, आणि रस्ता करणाऱ्या कंपनीनेही हा मार्ग बाजारात चालणारा नाही हे मान्य केले.

चीनमध्ये जिनान शहराजवळ २०१७ च्या डिसेंबरात महामार्गाचाच एक किलोमीटर असा केला. आठवडा होत नाही तोच प्लेटेचा एक तुकडा गायब झाला. आपल्याकडे मोटारींची केबल जाते, तिकडे रस्ताच गेला. अमेरिकेत आयडाहो राज्यात एका जोडप्याने लोकवर्गणीतून वीस लाख डॉलरवर पैसे उभे केले आणि २०१६ मध्ये एका चौकात ३० प्लेटा बसवल्या. त्यांतल्या बऱ्याच पहिल्याच दिवसांत बंद पडल्या. नेदरलँड्समध्ये २०१४ साली ७० मीटरची सायकलवाट केली. ती त्यातल्या त्यात बरी चालली, कारण तिच्यावरून फक्त सायकली जात होत्या. तरी थंडीने तिच्या वरच्या थराचे टवके उडालेच.

आता ३५ कोटींचा हिशेब शेतकऱ्याच्या पद्धतीने करू. कर्ज काढून रस्ता केला आणि व्याज नऊ टक्के धरले, तर वर्षाचे व्याज ३ कोटी १५ लाख. वीज किती? फ्रान्सचे ऊन आपल्यापेक्षा मऊ, म्हणून आपल्याकडे त्यांच्या चांगल्या वर्षाच्या दुप्पट येईल असे उदार मनाने धरू, म्हणजे ३ लाख युनिट. आपल्या राज्यात जमिनीवरच्या सौर प्रकल्पाच्या विजेला तीन रुपयांच्या आसपास भाव पडतो आहे. म्हणजे उत्पन्न ९ लाख. व्याज सव्वातीन कोटींच्या घरात आणि उत्पन्न ९ लाख! नुसते व्याज फिटायचे तरी त्या रस्त्याची वीज शंभर रुपये युनिटने विकावी लागेल. आपल्या कापसाला कोणी असा भाव दिला असता तर या मेळाव्याला कोणी आलेच नसते.

कोणी म्हणेल, तो पहिला प्रयोग होता, पहिले यंत्र महागच असते. खरे आहे. २०१६ च्या मानाने प्लेटा आता पुष्कळ स्वस्त झाल्या आहेत. मग खर्च अर्धा धरा. पन्नास रुपये युनिट. आणखी अर्धा करा, पंचवीस. तीन रुपयांच्या जवळ काही येत नाही. आणि तेच ३५ कोटी मोकळ्या जमिनीवर टाकले तर? एक मेगावॅटला आज चार कोटींच्या आसपास खर्च आणि चार एकर जागा लागते, आणि आपल्या उन्हात वर्षाला १५ लाख युनिट वीज निघते. म्हणजे पावणेनऊ मेगावॅट आणि १ कोटी ३० लाख युनिट. कुठे ३ लाख आणि कुठे १ कोटी ३० लाख! किंवा असे बघा: ग्रामीण डांबरी रस्त्याच्या एका किलोमीटरला पाऊण ते एक कोटी लागतात, म्हणजे ३५ कोटींत आमच्या वेल्ह्याच्या निम्म्याअधिक वाड्यांचे रस्ते होतील.

असे का होते, हेही समजून घेतले पाहिजे. नाहीतर उद्या कोणी नवी काच घेऊन येईल आणि आपण पुन्हा फसू.

प्लेट आडवी ठेवल्याने आपल्याकडे फार बिघडत नाही. आपण विषुववृत्ताच्या जवळ, सूर्य बराच डोक्यावर असतो. खरे नुकसान काचेच्या जाडीत आहे. ट्रक सोसेल एवढी जाड आणि टायर घसरणार नाही एवढी खरबरीत काच केली की ऊन आत शिरायचे कमी होते. दुसरे नुकसान तापण्याचे. छपरावरच्या प्लेटेखालून वारा वाहतो, रस्त्यातली प्लेट खालून बंद. पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के वीज कमी होते. मे महिन्यात तुमच्या रस्त्यावर अनवाणी पाय ठेवून पाहा. प्लेट पासष्ट अंशांना गेली तर सहावा हिस्सा तिथेच गेला. तिसरी गोष्ट सावलीची. प्लेटा एकामागे एक जोडलेल्या असतात. एकीवर चिखल बसला, ट्रकची सावली पडली, तर तिच्यामागच्या साखळीचीही वीज अडते. बैलजोडीतला एक बसला की दुसरा कितीही ताकदीचा असो, नांगर उभाच राहतो.

चौथी गोष्ट वजनाची. रस्त्याच्या शास्त्रात एक नियम आहे: गाडीच्या अ‍ॅक्सलवरचे वजन दुप्पट झाले की रस्त्याची झीज साधारण सोळापट होते. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम गाड्या फिरवून काढलेला हा हिशेब आहे. हंगामात जिनिंगकडे जाणारा तुमच्या कापसाचा ट्रक आणि वरपर्यंत रचलेली उसाची ट्रॉली या नियमात बसवून पाहा. त्यात तुमची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर साधे डांबर टिकवायचे म्हटले तरी खाली मुरमाचा जाड थर द्यावा लागतो. ज्या जमिनीवर घराची भिंत तडकते तिथे काचेचा रस्ता सरळ राहील, हे इंजिनिअरने सांगितले तरी आपण ऐकू नये.

आमच्याकडे भेगा नाहीत, पाऊस आहे. वेल्ह्याच्या पश्चिमेला, केळदच्या, मढे घाटाच्या बाजूला, जून ते सप्टेंबर ऊन दिसले तर बायका गोधड्या वाळत घालायला धावतात. त्या चार महिन्यांत रस्त्यावर पाणी, पाने, शेण आणि डोंगरावरून आलेली लाल माती. भोरहून महाडला जाणारा वरंधा घाट दरवर्षी पावसाळ्यात बंद करावा लागतो, निदान अवजड गाड्यांना. २०२१ च्या जुलैतल्या पावसाने तर तो ठिकठिकाणी तुटला. दूधवाल्याचे पहाटेचे कॅन वेळेवर पोचायचे, बाळंतीण भोरला न्यायची, त्या रस्त्याने आधी रस्ता म्हणून उभे राहावे, एवढीच आमच्या लोकांची अपेक्षा आहे. नेदरलँड्समध्ये २०१४ सालीच ओस गावाजवळच्या रस्त्यावर रात्री चमकणारे पट्टे रंगवले होते. दिवसाचे ऊन पिऊन रात्री उजेड देणारा रंग! काही आठवड्यांत ओलीने तो मंदावला. तिकडच्या पावसाला आम्ही आमच्याकडे भुरभुर म्हणतो.

म्हणजे रस्त्यावर सूर्याचे काही कामच नाही का? आहे. जिथे तार ओढायला प्लेटेपेक्षा जास्त पैसे लागतात, तिथे सौर वीज पहिल्या दिवसापासून परवडते. घाटाच्या वळणावरचा लुकलुकणारा पिवळा दिवा, एसटीच्या थांब्यावरचा दिवा, ओढ्याच्या पुलावर पाणी किती चढले ते सांगणारे यंत्र, दरडीच्या जागेवरचे पर्जन्यमापक. एक खांब, एक हातभर प्लेट, एक बॅटरी. रस्त्याला शहाणपण द्यायचे असेल तर ते असे खांबावर द्यावे. खर्च हजारांत होतो आणि बिघडले तर गावातला वायरमन शिडी लावून पाहू शकतो. पण तिथेही वही उघडी ठेवा. आमच्या एका गावात सौर दिवे बसले, फोटो निघाले, दोन पावसाळे दिवे लागले. मग एकेक करून विझले. प्लेटा शाबूत होत्या. बॅटऱ्या संपल्या होत्या, आणि बॅटरी बदलायचे पैसे कुठल्याच कागदावर धरलेले नव्हते. आज त्या खांबांना कोणी गाय बांधतो, कोणी केबल टीव्हीची तार. दिवा देणाऱ्याला पहिला प्रश्न बॅटरीचा विचारा.

आता तुमच्या दारातली गोष्ट. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, २०२२ च्या डिसेंबरात पहिला टप्पा सुरू झाला आणि २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण उघडला. त्याच महामार्गावर वाशीम जिल्ह्यात कारंजा लाडच्या इंटरचेंजजवळ २०२५ मध्ये सौर वीज सुरू झाली आहे, पाच मेगावॅट. प्लेटा रस्त्यात घातलेल्या नाहीत. चढ-उताराच्या वळणांमध्ये महामार्गाचीच जी मोकळी जमीन उरते, तिच्यावर लोखंडी सांगाड्यावर उभ्या केल्या आहेत. वीज शेतीच्या फीडरसाठी, सौर कृषी वाहिनी योजनेखाली. हे शहाणपणाचे काम आहे आणि आम्ही ते शहाणपणाचे म्हणतो. गुजरातेतही २०१२ साली मेहसाणा जिल्ह्यात चंद्रासनजवळ कालव्यावर ७५० मीटर छप्पर घालून एक मेगावॅट काढली. जागा आहे ती वापरली, आणि बाष्पीभवनही कमी झाले.

म्हणजे उत्तर तंत्राच्या बाजूने मिळाले: प्लेट रस्त्याखाली घालू नये, रस्त्याच्या कडेला उभी करावी. आमचे आजचे बोलणे खरे तर इथून पुढे आहे. कारण कडेची जमीन कोणाची असते?

आमच्या खोऱ्याला हा प्रश्न जुना आहे. भाटघरचे धरण आमच्या तालुक्यात. इंग्रजांच्या काळात बांधलेले. पाणी नीरा नदीच्या दोन कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसपर्यंत गेले. तिथे ऊस झाला, कारखाने झाले. त्या शेतकऱ्यांबद्दल आमच्या मनात काही वाकडे नाही, तेही आपलेच. धरणाच्या पायथ्याला १६ मेगावॅटचे वीजघर आहे. पण काठावरची आमची गावे उन्हाळ्यात हंडे घेऊन उतरतात, आणि जमिनी गेलेल्यांना पाण्यात हिस्सा किंवा विजेत कमाई अशी कधी लिहून मिळाली नाही. मिळाला तो एकदाचा मोबदला. तो पैसा आमच्या आजोबांच्या हातात थांबला नाही.

आता ऊन जायची पाळी आहे. पुण्याच्या रिंगरोडसाठी आमच्या भोर तालुक्यातल्या गावांच्या जमिनी मोजल्या गेल्या. तुमच्याकडे वर्धा-यवतमाळपासून शक्तिपीठ महामार्गाची आखणी आहे. जमीन जाते तेव्हा तिचा भाव ज्वारीच्या जमिनीचा लावतात. कधी चौपट, कधी पाचपट, पण चौपट कशाच्या, तर कोरडवाहू जमिनीच्या भावाच्या. आणि त्या जमिनीचा एक कोपरा पुढे पंचवीस वर्षे वीज विकणार असेल, तर ती कमाई मोबदल्याच्या हिशेबात कुठे होती? भूसंपादनाच्या सुनावणीत हा प्रश्न लेखी विचारा. तोंडी विचारलेले त्यांच्या वहीत उतरत नाही.

जमीन संपादनात जात नसेल आणि भाड्याने द्यायची असेल, तर आणखी बारकाईने बघा. सौर कृषी वाहिनीच्या २०२३ च्या दुसऱ्या योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आहे, म्हणजे एकरी पन्नास हजार, आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. ऐकून मोह होतो, आम्हालाही झाला. कोरडवाहू कापूस एकरी पाच क्विंटल धरला आणि लांब धाग्याचा २०२५-२६ चा ८११० चा हमीभाव खरोखर हातात पडला, तरी चाळीस हजार. त्यातून बियाणे, खत, फवारणी, वेचणी काढा. संकरित ज्वारीचा २०२५-२६ चा हमीभाव ३६९९ होता. भाड्याला ना बोंडअळी, ना पाऊस. कोणी उपकेंद्राजवळचे रान भाड्याने दिले तर आम्ही त्याला नावे ठेवणार नाही.

पण वही पुढे उलटा. एका मेगावॅटला चार एकर, भाडे दोन लाख. त्या चार एकरांतून १५ लाख युनिट, तीन रुपयांनी ४५ लाख. शंभरातले साडेचार रुपये जमीनवाल्याचे. प्रकल्पवाला म्हणेल, चार कोटींचे छत्तीस लाख व्याज मीच भरतो. बरोबर आहे, त्याची भरपाई त्याला मिळालीच पाहिजे. दुसऱ्याचा उत्पादनखर्च आपण नाकारला तर आपला मागायचे तोंड राहत नाही. मात्र कर्ज दहा-बारा वर्षांत फिटते आणि करार पंचवीस-तीस वर्षांचा असतो. कर्ज फिटल्यावरच्या वर्षांत ते छत्तीस लाख कोणाचे? आणि तीन टक्क्यांची वाढ म्हणजे काय, तर पंचविसाव्या वर्षी भाडे दुप्पट. महागाई सहा टक्क्यांनी चालली तर बाजार तोवर चौपटीवर गेलेला असेल. तेव्हाचे भाडे आजच्या पंचवीस हजारांच्या मोलाचे.

म्हणून करारात काय मागायचे ते आम्ही भोरला बसून लिहून काढले आहे. कर्ज फिटेपर्यंत भाडे. त्यानंतर भाडे किंवा विजेच्या विक्रीतला ठरावीक हिस्सा, यांत जे जास्त ते. मीटरचा आकडा दर महिन्याला जमीनवाल्याला कळलाच पाहिजे, जसा काट्यावरचा आकडा आपण मान वाकवून बघतो तसा. मुदत संपल्यावर जमिनीतले सिमेंटचे ठोकळे प्रकल्पवाल्याने काढून न्यायचे, आणि त्यासाठीची रक्कम पहिल्याच वर्षी बँकेत वेगळी ठेवायची. काळ्या जमिनीत हजार ठोकळे राहिले तर तिथे पुन्हा नांगर चालणार नाही. सातबाऱ्यावर नाव मालकाचेच. आणि जमीन बटाईने कोणी कसत असेल तर त्याचे काय, याचे एक वाक्य तरी करारात असावे. हे शेवटचे कलम आमच्या बैठकीत सर्वांत जास्त भांडणाचे झाले. अजून पूर्ण मिटलेले नाही, खोटे कशाला सांगा.

कापूस आणि ज्वारी प्लेटांखाली घेता येईल का, असे सकाळी एका बाईंनी विचारले. दोन्ही पिकांना भरपूर ऊन लागते, सावलीत बोंडे धरत नाहीत, आणि ज्वारी तर प्लेटेच्या वर डोके काढील. सांगाडा उंच केला तर सावलीत तग धरणारी पालेभाजी होईल, पण उंच सांगाड्याला लोखंड जास्त आणि भाजीला पाणी लागते. कोरडवाहूला हा उपाय आम्ही सांगणार नाही.

ग्रामसभेतल्या त्या पोराला आम्ही हा हिशेब दाखवला. तो दोन दिवस वही घेऊन बसला आणि त्याने आमची एक चूक काढली: ओढ्यापलीकडच्या वाड्यांना तार ओढायचा खर्च आम्ही कमी धरला होता. तिथे खांबावरचे दिवे आम्हाला वाटले त्याहून लवकर परवडतात. ती दुरुस्ती करून नवा कागद छापला आहे. मांडवाच्या दाराशी ठेवला आहे, घेऊन जा. ज्यांच्या गावात जमीन भाड्याने मागायला माणसे येऊन गेली आहेत, त्यांनी करारनाम्याची झेरॉक्स पुढच्या बैठकीला आणावी. सही करायच्या आधीची आणली तर जास्त बरे.